तिसऱ्या दगडावर पाय ठेवताना

दोन दगडांवर पाय ठेवू नये, असं आजी सांगायची. तिच्या वेळी दगड दोनच होते. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही पुण्यात आयटीत आहात, घरात तिसरीतली मुलगी आहे आणि पलंगाशेजारी आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, आहे. या तिन्हींवर एकदम उभं राहण्याची विद्या मी गेली आठ वर्षं शिकतो आहे. इतक्या वेळा आपटल्यावर सल्ला द्यायचा अधिकार आपोआप येतो.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. रियाज पहाटे साडेपाचला, यात तडजोड नको. गजर लावा, चार वेळा पुढे ढकला आणि पावणेसातला उठून डबा भरायला धावा. संध्याकाळी एक्सेलमध्ये आठवड्याचा तक्ता मांडा : सोमवारी पलटे (सुरांचे उलटसुलट क्रम), मंगळवारी राग यमन, बुधवारी नुसता भात्यावरचा ताबा. झालेल्याला हिरवा रंग, राहिलेल्याला लाल. रविवारी तक्ता अथपासून इतिपर्यंत लाल दिसला की घाबरू नका, रंग बदला. मी राहिलेल्या रियाजाला फिकट पिस्ता दिला आहे. डोळ्यांना थंडावा मिळतो. मागे एकदा ऑफिसातल्या कामासारखं यमनचं रीतसर तिकीटही केलं होतं, पाच पॉइंटचं. ते गेले अकरा स्प्रिंट, म्हणजे कामाचे टप्पे, पुढे पुढे सरकतंय. ऑफिसातही हेच चालतं, त्यामुळे मन अजिबात खात नाही.

मग सामग्री. तानपुऱ्याची तीन ॲप फुकट उतरवून घ्या, त्यांची तुलना करा आणि चौथं विकत घ्या. पालिताण्याची रीड (पेटीतली सूर देणारी पितळी जीभ) बरी की जर्मन, यावर रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ पाहा. फरक कळला नाही तर दोष इअरफोनचा असतो, नवे मागवा. एवढं केलं की पेटीला हात न लावताही अंगात एक प्रकारचा कलावंताचा थकवा येतो. तो खरा असतो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांपैकी प्रवेशिका मी बारावीच्या सुट्टीत दिली होती आणि मध्यमा 'पुढच्या सत्रात' द्यायची आहे. दरम्यान क्लाउडची तीन प्रमाणपत्रं मिळवली. तिथे तोंडी परीक्षेत गाऊन दाखवा म्हणत नाहीत.

रागांच्या वेळेबाबत मात्र शास्त्र कडक पाळा. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहरी, म्हणजे तुम्ही हिंजवडीच्या सिग्नलला असता तेव्हा. दुसऱ्या प्रहरी बिहाग, पण साडेनऊला न्यूयॉर्कची मीटिंग. तिकडे तेव्हा भर दुपारचे बारा. प्रश्न असा की, राग तुमच्या घड्याळाने धरायचा की पगार देणाऱ्याच्या? मी विचार करून क्लायंटचं घड्याळ धरलं आणि रात्री साडेनऊला सारंग काढला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच मीटिंग साडेदहाला येते. मार्चमध्ये पुन्हा साडेनऊ. ज्यांनी रागांना प्रहर नेमून दिले, त्यांच्यापर्यंत हा बदल पोचलेला नाही.

मीटिंगमध्ये वाजवता येतं का? येतं. कॅमेरा बंद, माइक बंद, डावा हात भात्यावर. एकदा माझा माइक बंद नव्हता. बारा मिनिटं मी आलापी केली आणि समुद्रापलीकडे कोणाला पत्ता लागला नाही, कारण आवाज स्वच्छ करणारी ती यंत्रणा फार हुशार असते. माणसाचं बोलणं ती ठेवते आणि एका पातळीवर सलग येणारा आवाज, म्हणजे पंखा, एसी वगैरे, गाळून टाकते. तिने माझा षड्ज पंख्याच्या खाती टाकला. ऑनलाइन शिकवणारे गुरुजी म्हणूनच आधी सेटिंगमध्ये जाऊन 'ओरिजिनल साउंड' चालू करायला लावतात. तुम्ही मुळीच करू नका. नोकरी टिकवायची असेल तर आपला सूर पंखा समजला जाणं यासारखी सुरक्षित जागा नाही. त्या दिवशी पलीकडे ऐकू गेलं ते एकच वाक्य, स्वच्छ, खणखणीत : "बाबा, उद्या ज्वालामुखी न्यायचाय!"

इथे पालकत्वाकडे वळू. शाळेचा प्रोजेक्ट नेहमी आदल्या रात्री दहानंतरच आठवतो, हा निसर्गनियम आहे. अशा वेळी चिडू नका, ज्ञान द्या. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर शोधता शोधता मुलीला सांगा की आपला सगळा सह्याद्री हाच मुळात लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मात्र तो असा टोकदार शंकूतून उडालेला नाही, जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून थरावर थर पसरत गेला. तेव्हा आपण खरं तर सपाट ज्वालामुखी करायला हवा. मुलगी शांतपणे म्हणेल, "टीचरनी टोकाचा सांगितलाय." मग टोकाचा करा. कागदाचा लगदा वाळायला पहाटेचे तीन वाजतात. साडेपाचच्या रियाजाला तेवढंच एक भरभक्कम कारण मिळतं.

वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हाही दिनचर्येचा भाग समजा. जूनमध्ये तिथे मीच एक निरोप टाकला : स्ट्रॉबेरीच्या आकाराचं, वासाचं खोडरबर चुकून कोणाच्या कंपासपेटीत आलंय का? त्यावर त्रेसष्ट उत्तरं आली. पहिली वीस 'नाही' अशी. मग सुगंधी खोडरबरांनी मुलांचं लक्ष विचलित होतं का, यावर दोन गट पडले. एका आईने आपल्या वेळच्या पांढऱ्या खोडरबराची थोरवी गायली, एका बाबांनी अंगठा दाखवला, आणि कोणीतरी चुकून फ्लॅटची जाहिरात टाकली. खोडरबर मिळालं नाही. मी सगळं वाचलं. त्या अर्ध्या तासात पलट्यांची तीन आवर्तनं सहज झाली असती, पण मग मत कोणी मांडलं असतं?

घरून तक्रार आली तर काय करावं, असं बरेच जण विचारतात. पेटीचा इतिहास सांगून घरच्यांना गप्प करू असं वाटत असेल, तर तो मोह आवरा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली आणि पुढे तीसेक वर्षं, १९७१ पर्यंत, ती दाराबाहेर होती. सूर पट्टीत बांधलेला, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) सापडत नाहीत, असे आक्षेप होते. मी हे मोठ्या अभिमानाने बायकोला सांगितलं, की बघ, कसल्या कसल्या संकटांतून हे वाद्य वर आलंय! तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता अर्ज कुठे करायचा?"

आता वाद्याची निगा. पावसाळ्यात पेटी दमट होते, लाकूड फुगतं, पट्ट्या अडतात. माझ्या पेटीची पांढरी चार आणि पांढरी सात, म्हणजे सप्तकातली चौथी आणि सातवी पांढरी पट्टी, जूनपासून दबतच नाहीत. दुरुस्तीवाल्यांकडे गणपतीपर्यंत रांग. पण खरा साधक अडचणीतून वाट काढतो. पांढरी एकमध्ये सा धरला की या दोन पट्ट्या म्हणजे मध्यम आणि निषाद, आणि भूप रागात नेमके हेच दोन सूर वर्ज्य. तेव्हापासून मी फक्त भूप वाजवतो. पाहुण्यांनी विचारलं की डोळे किंचित मिटून सांगावं, "एकच राग वर्षभर घोटायचा, असं ठरवलंय." परवा एक गृहस्थ तर यावर उठून पाया पडायला निघाले. पेटी उघडली की हल्ली मंद, गोडसर, काहीसा स्ट्रॉबेरीचा वास येतो. जुन्या सागवानाचं असंच असतं म्हणे.

एवढी तयारी झाली की सोसायटीच्या गणपतीत साथ करायला हरकत नाही. कार्यकारिणी विचारतेच : "तुम्ही वाजवता ना?" 'वाजवतो' म्हणण्यापूर्वी तक्ता उघडून पाहू नका. तालमीला ऑन-कॉल (ऑफिसचा फोन कधीही येणार) असल्यामुळे जाता येणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गाणाऱ्या काकूंना तसं कळवा. त्याही म्हणतील, "अहो, घरचंच आहे." आरती झाली, प्रसाद वाटला, माइकवाल्याने तीनदा हॅलो केलं, तुम्ही पांढरी एकवर बोट ठेवून सज्ज बसलात की काकू कानाशी वाकून सांगतात, "मी काळी पाचमध्ये गाते हं."

घाबरू नका, गणित करा. सा काळी पाचवर नेला की बोटं सगळी सरकतात, ते जमेल. फक्त पांढरी चार आता पंचम होते. मध्यमाशिवाय, निषादाशिवाय राग निभतात. पण काकूंचं भजन दर ओळीला पंचमावर येऊन टेकतं. तिथे पट्टी दबत नाही. अशा वेळी भाता जोरात ओढावा, बोट पट्टीवर तसंच ठेवावं आणि मान डोलवावी. पहिल्या कडव्यानंतर मागच्या रांगेतून मला स्पष्ट ऐकू आलं, "किती संयमाने वाजवतात!" दुसऱ्या कडव्यात मी आणखी संयम दाखवला. तिसऱ्यात पुढच्या रांगेतून, नेमक्या काकू श्वास घ्यायला थांबल्यावर, मुलगी उठून उभी राहिली.

"बाबा, त्याच्या खाली माझं खोडरबर आहे. अर्धं तिकडच्या पट्टीखाली पण आहे."