इजिप्तचे शेतकरी कुठं गेले, सर?

'कॅच-२२' सारखी कादंबरी खेड्यातल्या पोरांना झेपत नाही, असं परवा एका प्राध्यापक मित्रानं ठामपणे सांगितलं. त्याला फोनवर उत्तर देऊन माझं समाधान झालं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एम.ए.ला इंग्रजी शिकवतो. पोरं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्ग निम्मा रिकामा होतो, आणि त्याबद्दल मी कुणाला बोलत नाही. अशाच वर्गातल्या एका मुलीनं यंदा ग्रंथालयातून 'कॅच-२२' नेली. अभ्यासक्रमात नव्हती. वाचताना पडलेले प्रश्न ती वहीच्या मागच्या पानांवर लिहून आणायची आणि तास संपल्यावर विचारायची. मोबाईलवर शब्दांचे अर्थ पाहत पाहत ती पुढे सरकत होती. पण तिचे प्रश्न शब्दांवर कधीच अडले नाहीत.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जोसेफ हेलर हा अमेरिकन लेखक दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानात होता. इटलीच्या आघाडीवर त्यानं ६० मोहिमा केल्या. कादंबरी १९६१ ला आली. तिचा नायक योसारियन पियानोसा नावाच्या बेटावर आहे आणि त्याला फक्त जिवंत राहायचंय. ठरलेल्या मोहिमा पूर्ण होत आल्या की कर्नल कॅथकार्ट आकडा वाढवतो. वेडा माणूस विमानात बसू शकत नाही, असा नियम आहे. पण सुटका हवी तर मागावी लागते, आणि जिवाच्या भीतीनं सुटका मागणारा शहाणाच ठरतो. मग बस विमानात. हाच तो 'कॅच-२२'.

तिचा पहिला प्रश्न गोष्ट पुढे-मागे का उड्या मारते हा होता. तो सगळ्यांनाच पडतो. आपल्याच विमानातल्या स्नोडेन नावाच्या पोराचा मृत्यू योसारियनला एका दमात आठवणं सोसत नाही, म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि पूर्ण दिसायला कादंबरीचा शेवट जवळ यावा लागतो. हे तिला लगेच पटलं.

दुसऱ्या प्रश्नानं मात्र मला थांबवलं. "सर, याच्यात नियम मोडते कोण? सारेच तर नियमानं वागून राहिले. मग हे येडेपन आलं कुठून?"

बाजारातल्या गाइडांत याचं उत्तर तयार असतं: आधुनिक माणसाच्या जगण्याची निरर्थकता. परीक्षेत तेवढं लिहिलं की मार्क मिळतात. माझं मत स्पष्ट आहे, हे उत्तर या कादंबरीपुरतं चूक आहे. यातला वेडेपणा आभाळातून पडलेला नाही. कर्नलला जनरल व्हायचंय म्हणून मोहिमांचा आकडा वाढतो. तळावरची खानावळ सांभाळणाऱ्या मायलोला नफा हवा म्हणून तो जर्मनांशी करार करून आपल्याच तळावर बॉम्ब टाकतो, आणि हिशेबाची वही उघडून फायदा दाखवला की त्याला माफही केलं जातं. प्रत्येक उफराट्या नियमामागं कुणाचा तरी लाभ आहे. हेलरनं तो दर वेळी दाखवलाय. निरर्थकतेचं पांघरूण घातलं की तो लाभ घेणारा माणूस दिसेनासा होतो.

ही गोष्ट आमच्या पोरांना समजवावी लागत नाही. डॉक्टर डॅनिकाचं प्रकरण बघा. भत्ता मिळावा म्हणून न उडताच त्याचं नाव विमानाच्या यादीत लावलेलं असतं. ते विमान पडतं. डॉक्टर जमिनीवर सगळ्यांसमोर उभा, पण कागदावर मेलेला. बायकोला सांत्वनाचं छापील पत्र जातं. हे वाचून त्या मुलीनं वहीत लिहिलं होतं, "आमच्याइकडे उलटं हाये." तिच्या शेजारच्या काकांनी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला. शेत त्यांच्या वडलांच्या नावावर, कर्ज सावकाराचं, बँकेचा कागद नाही. शेतकरी आत्महत्येच्या मदतीचे १ लाख रुपये मिळायला केस 'पात्र' ठरावी लागते. ती 'अपात्र' ठरली. माणूस सगळ्या गावासमोर गेला, पण शेतकरी म्हणून मेला हे कागदाला मान्य नाही. तिनं हे कुठलाही आव न आणता सांगितलं आणि पान उलटून पुढचा प्रश्न विचारला.

तो प्रश्न कापसाचा होता, आणि त्यासाठीच खरं तर ही पोस्ट आहे.

कादंबरीत मायलो इजिप्तचा सगळाच्या सगळा कापूस विकत घेऊन बसतो. नंतर त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. इकडे स्नोडेनचा दफनविधी चालू असतो. त्याचं रक्त लागलेला गणवेश नको म्हणून योसारियन कपडे न घालता झाडावर बसून तो विधी बघतोय. मायलो झाडावर चढून त्याच्या शेजारी बसतो आणि एक तपकिरी गोळा पुढे करतो, खाऊन बघ म्हणतो. योसारियन तोंडात टाकतो आणि थुंकतो. चॉकलेटात बुडवलेला कापूस! जवानांच्या खानावळींत तो खपवायचा, असा मायलोचा बेत आहे. खाली कोणाला पुरतायत हे कळल्यावर त्याचे डोळे खरोखर भरून येतात. आणि त्याच दमात तो सांगतो की खानावळींनी कापूस घेतला नाही तर याहून वाईट होईल.

"त्याचं रडनं खोटं वाटत नाही सर," ती म्हणाली. मलाही वाटत नाही. म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो. आमच्याकडे तेरवीच्या पंगतीत कापसाच्या भावाच्या गोष्टी निघतात, त्या निर्दयपणातून निघत नाहीत. घरात कापूस पडून असलेल्या माणसाला दुसरं सुचतच नाही. पण मायलोची गोष्ट वेगळी आहे, आणि तो फरक तिनंच दाखवला. मायलोनं कापूस पिकवलेला नाही. योसारियन त्याला सुचवतो की लाच देऊन सरकारच्या गळ्यात घाल. म्हणजे व्यापाऱ्यासाठी वाट निघते. मग तिनं विचारलं, "पन ज्याईनं तो पिकवला ते इजिप्तचे शेतकरी कुठं गेले, सर? त्याईले पैसे भेटले का?"

मी या कादंबरीवर बरंच वाचलंय. हा प्रश्न माझ्या वाचनात कुठंही आलेला नाही.

विचारणारीच्या घरात यंदा काय झालं तेही सांगतो. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यापुढे खरेदी नाही. वेचणीच्या तोंडावर पाऊस झाला. तिचे वडील भाड्याच्या गाडीत कापूस घेऊन सरकारी खरेदी केंद्रावर गेले. मीटरची सळई ढिगात गेली, आकडा १२ च्या वर आला, गाडी परत. घरी वाळवायला जागा नाही, गाडीचं भाडं दुसऱ्यांदा द्यायला पैसे नाहीत. शेवटी खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल त्या भावात दिला. ज्याच्याकडे गोदाम आहे त्याचा कापूस वाळतो, आणि त्यालाच हमीभाव मिळतो. गाइडातली निरर्थकता इथं कशी चिकटवायची ते मला कुणी सांगावं.

महायुद्धाची गोष्ट इथल्या लोकांना दूरची वाटेल, असंही मित्राचं म्हणणं होतं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. दुसऱ्यांच्या युद्धावर आपला भाव ठरतो, हे या काळ्या मातीला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

एकदा या गप्पांत वर्गातला एक मुलगा थांबला. पहाटे डांबरी रस्त्यावर धावतो, अग्निवीरची तयारी करतोय. चार वर्षांची नोकरी, पुढे जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार, हे त्याला पाठ आहे. त्याला योसारियन अजिबात आवडला नाही. "भेकड आहे तो. शेवटी स्वीडनला पळूनच जातो ना!" त्याचा राग मला रास्त वाटला. ज्या घराची सगळी आशा वर्दीवर आहे तिथला मुलगा दुसरं काय म्हणणार?

तिनं त्याला उत्तर दिलं, तेही पुस्तकातूनच. पळण्याआधी योसारियनला वरिष्ठांनी सौदा देऊ केलेला असतो: आमच्याबद्दल चांगलं बोल, आम्हाला आपलं मान, आणि सन्मानानं घरी जा. तो आधी हो म्हणतो, मग नाकारतो. "भेकड असता तं घरी गेला असता," ती म्हणाली. मुलगा म्हणाला, "मग मागं राहिले त्याईचं काय? त्याईच्या मोहिमा तं वाढतच राहतीन."

यावर ती गप्प बसली नाही, तोही हटला नाही. मी तिच्या बाजूचा आहे. सौदा घेतला असता तर योसारियन वाढत्या आकड्याचा साक्षीदार उरला नसता, भागीदार झाला असता. पण मुलाचा प्रश्न त्यानं मिटत नाही हेही मला मान्य आहे. तुमच्यापैकी ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांनी खाली लिहा. मागं राहिलेल्यांचं काय, आणि इजिप्तच्या शेतकऱ्यांचं काय? तुमची उत्तरं सोमवारी त्या दोघांना वाचून दाखवणार आहे.