‘चालतंय ना, मग हात लावू नका’: हा सल्ला डेटाबेसला महागात पडतो

पणजी-म्हापशाकडच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘प्रॉडक्शनचा (रोजच्या कामाचा) डेटाबेस चालतोय तर अपग्रेड करू नका. सर्व्हर ऑफिसच्या आत आहे, धोका नाही. करायचंच झालं तर बॅकअप आहेच, बिघडलं की मागे येऊ.’ हॉटेलांची बुकिंग सांभाळणाऱ्यांना हे लगेच पटतं.

आधी ‘चालतोय’ बघू. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १४.० ते १४.३ या आवृत्त्याही चालतच होत्या. पण टेबल वापरात ठेवून इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) बांधला, तर तो गुपचूप बिघडू शकत होता. जून २०२२ मध्ये १४.४ आलं ते त्यासाठीच. असल्या छोट्या अपडेटला डेटा हलवावा लागत नाही. सर्व्हिस थांबवा, पॅकेज बदला, सुरू करा. मेसेजवाल्याने हे आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीवरून ८.० वर जाणं एकाच माळेत ओवलंय.

मोठ्या उडीची भीती रास्त आहे. ८.० मध्ये ‘रँक’ हा राखीव शब्द झाला, म्हणजे नाव म्हणून तसाच वापरता येत नाही. खोल्यांच्या टेबलात त्या नावाचा कॉलम असेल तर क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) सरळ एरर देते. ते निदान दिसतं तरी. ५.७ पर्यंत ‘ग्रुप बाय’ ही ओळींचे गट पाडणारी आज्ञा आपोआप क्रमही लावून द्यायची, ८.० मध्ये ते बंद झालं. रिपोर्ट निघतो, ओळी मात्र उलटसुलट. हे मॉनिटरिंगला कळत नाही, अकाउंट्समधल्या मॅडमना कळतं!

‘सर्व्हर आत आहे’ म्हणे. बाहेरून बुकिंग घेणारी वेबसाइट त्याच डेटाबेसशी बोलते ना?

सगळ्यात फसवा मुद्दा बॅकअपचा. ८.० ने डेटा एकदा बदलला की ५.७ ला तो उघडत नाही. मागे यायचं म्हणजे जुना बॅकअप रिस्टोअर करणं. रात्री अपग्रेड केलं आणि सकाळी दहाला गडबड कळली, तर मधली बुकिंग त्या बॅकअपमध्ये नाहीत. पाहुणा मात्र दाबोळी विमानतळावर उतरलेला. म्हणून तोच बॅकअप आधी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, अपग्रेड तिथे करा, बुकिंगपासून बिलापर्यंत सगळं चालवून बघा. मायएसक्यूएल शेल या टूलमधला अपग्रेड चेकरही फिरवा, तो अडचणी आधीच दाखवतो.

५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्येच संपला, ८.० ची मुदत एप्रिल २०२६ ची. शिवाय ५.७ वरून जागच्या जागी थेट त्यापुढच्या ८.४ वर जाता येत नाही, वाटेत ८.० करावंच लागतं. हात न लावणाऱ्यांच्या वाट्याला आता दोन उड्या.

डिसेंबरात, भर सीझनमध्ये करू नका, एवढं मात्र मान्य. जुलैत करा, चवथीला निम्मा स्टाफ गावी जायच्या आत.