अधिक ज्येष्ठातला जावई

साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो आणि चंद्र-सूर्याचा हिशेब जुळवून जातो, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तो कोणत्या ऋतूत येतो याबद्दल. २०१८ साली तो ज्येष्ठात आला, आणि २०२६ सालीही ज्येष्ठच अधिक. ज्याची सासुरवाडी सह्याद्रीच्या कुशीत आहे त्याला यातली मेख कळणार नाही. पण माझे सासरे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात कापूस पिकवतात, आणि तिथे मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना जावयाला विष्णू मानून जेवायला बसवतात.

ताटात पुरणाचे धोंडे, शेजारी तेहतीस अनारशांचे वाण, त्यावर तेवणारा दिवा आणि डोक्यावर तापलेले टिन, अशा थाटात मी पाटावर बसलो होतो. अनारसा चिमटीत धरला की खसखशीखालच्या जाळीतून तूप मनगटापर्यंत ओघळत होते. वीज गेल्यामुळे कूलर गप्प होता, मात्र आग्रह चालू होता. दाराआडून सासूबाईंचा आवाज आला, "जवाईबापू, अजून एक घ्या नं जी. एकानं काय होते?"

हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारलेला नसतो, हे मला ठाऊक आहे. परंतु मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि एका अनारशाने काय होते हे मला दुर्दैवाने तपशीलवार माहीत आहे.

तांदळाच्या पिठातल्या पिष्टमय पदार्थाचे तुकडे करायला लाळ तोंडातच सुरुवात करते. पुढे आतड्यात त्याचे ग्लुकोज होते आणि रक्तावाटे ते पेशींपर्यंत पोहोचते. पेशीद्रव्यात ग्लुकोजच्या सहा कार्बनी रेणूचे पायरुव्हिक आम्लाचे दोन तीन-कार्बनी रेणू होतात. या कामाला ऑक्सिजन लागत नाही, पण पदरचे दोन एटीपी आधी मोडावे लागतात, तेव्हा चार हाती येतात. निव्वळ मिळकत दोनच. एटीपी म्हणजे पेशीतले ऊर्जेचे रोख चलन. ते १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी शोधले, आणि त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही. ही रोकड शरीर साठवून ठेवत नाही. कोणत्याही क्षणी अंगात फार तर शे-दीडशे ग्रॅम एटीपी असते, आणि तेच पुन्हा पुन्हा मोडून-जोडून दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतक्या एटीपीची उलाढाल होते. सासऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आमच्यासारखंच. हातात पैसा टिकतच नाही."

पायरुव्हिक आम्ल पुढे पेशीच्या वीजघरात, म्हणजे तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), शिरते, त्यातला एक कार्बन वाटेतच कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, आणि उरलेले दोन कार्बन क्रेब्ज चक्रात, म्हणजे रासायनिक अभिक्रियांच्या एका फेऱ्यात, फिरायला लागतात. त्या चक्रातूनही कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो. म्हणजे जिरलेल्या अनारशातला कार्बन शेवटी नाकावाटे जातो, ही गोष्ट मी जेवताना कोणाला सांगत नाही. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र १९३७ साली मांडले, तेव्हा 'नेचर' या साप्ताहिकाने, आमच्याकडे सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर आधीच पडून आहे असे कळवून, त्यांचा लेख परत केला होता. त्याच कामासाठी त्यांना १९५३ साली नोबेल मिळाले. पोट भरलेले असताना समोर आलेले ताट इतक्या सरळपणे परत करता येते, याचा मला त्या संपादकांविषयी अजूनही हेवा वाटतो.

खरी कमाई त्यानंतरची. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरून हातोहात पुढे दिले जातात आणि अखेरीस ऑक्सिजन त्यांना स्वीकारून पाणी होतो. म्हणजे श्वासात घेतलेला ऑक्सिजन त्या कार्बन डायऑक्साइडमध्ये जातच नाही. या देवाणघेवाणीत पटलापलीकडे प्रोटॉनांची गर्दी जमते आणि परत येताना ते एक सूक्ष्म चक्र फिरवतात, ज्यावर एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली होती. १९७८ साली त्यांनाही नोबेल मिळाले. हे चक्र सेकंदाला शंभराच्या घरात फेऱ्या घेऊ शकते, आणि त्याला भारनियमन लागू नाही. एका ग्लुकोजमागे एकूण किती एटीपी मिळतात यावर मेव्हण्याच्या दहावीतल्या मुलाने माझ्याशी वाद घातला. जुन्या हिशेबाप्रमाणे ३८, नव्या हिशेबाप्रमाणे ३० ते ३२. मी नवा आकडा सांगितला, तर "पेपरात मार्क कोण देईन?" असे विचारून त्याने मला गप्प केले.

मला मात्र या सगळ्या यंत्रणेतली एकच गोष्ट मनापासून आवडते. एटीपी पुरेसे झाले की ते स्वतःच फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) जाऊन बसते आणि ग्लुकोजचे विघटन मंदावते. पेशी "पुरे" म्हणते आणि तिचे ऐकले जाते. कोणी तिला मांडीवर हात ठेवून "माझी आण आहे" म्हणत नाही. मग नाकारलेले ग्लुकोज यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन होऊन बसते, तिथली जागा भरली की चरबी होते, आणि अनारशातले तूप तर आधीपासूनच चरबी असते: एका ग्रॅममागे नऊ किलोकॅलरी, पिठाच्या दुपटीहून अधिक. माझ्या सदऱ्याच्या खालच्या दोन गुंड्या याची साक्ष देतील.

शिवाय एवढी हुशार पेशीसुद्धा अन्नातल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून कमीच एटीपीत बांधू शकते. बाकीची सगळी उष्णता. थंडीत हीच उष्णता आपल्याला जगवते हे मी वर्गात कौतुकाने शिकवतो. परंतु ज्येष्ठातल्या दुपारी, टिनाखाली, धोंड्यांवर अनारसे रचून बसलेल्या माणसाला आतूनही एक शेगडी पेटवून देण्यात निसर्गाने काय साधले, हे मला समजलेले नाही.

यावर शास्त्रशुद्ध उपाय एकच होता: एटीपी खर्च करायचे, म्हणजे एडीपी, अर्थात मोडलेले एटीपी, साचते आणि पेशी पुन्हा अन्न मागू लागते. सत्तरी ओलांडलेले माझे सासरे पहाटेपासून वखर हाकतात आणि माझ्या दुप्पट जेवून ढेकरही देत नाहीत, त्याचे कारण हेच. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच मी वावरात गेलो आणि बैलांचा कासरा हातात घेतला. तास अर्धाच झाला होता, तेवढ्यात सासरे धुऱ्यावरून धावत आले. धोंड्याला आलेला जावई वखर हाकताना गावाने पाहिला तर तोंड कुठे लपवायचे, असा त्यांचा सवाल होता. मला सन्मानाने घरी आणून बाजेवर बसवण्यात आले. घाम पाहून सासूबाई हळहळल्या, "किती सुकले जवाईबापू!" आणि गुळाच्या पन्ह्याचा तांब्या घेऊन मेव्हणा आला, मागून पोर अनारशांची ताटली घेऊन.