मग अण्णांच्या जेवणाचं काय?

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्ये गेटसमोर बसून हे लिहितेय. इथले पांढरे खांब वर जाऊन मोराच्या पिसाऱ्यासारखे फुलतात, मघापासून तेच बघत होते. विमानाला अजून दोन तास आहेत. बारा दिवसांची युरोपची सहल आहे : पॅरिस, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी इटली. माझं वय 63. बरोबर घरचं कोणी नाही. ग्रुपमधले 37 जण आणि टूर लीडर, सगळे या सहलीच्या निमित्तानेच भेटलेले.

गेले दोन महिने साताऱ्यात ज्यांना ज्यांना हे कळलं, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न एकच विचारला. "मग अण्णांच्या जेवणाचं काय?"

विचारणाऱ्या बायकाच होत्या, माझ्या मायेच्या. म्हणून तोंडावर काही बोलले नाही. इथे सांगते. अण्णांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, 31 वर्षं एसटीत ड्रायव्हरकी केली. मुक्कामाची गाडी घेऊन कुठल्या कुठल्या खेड्यांत रात्री काढल्या, स्टोव्हवर स्वतः भात-पिठलं करून खाल्लं. तेव्हा त्यांच्या जेवणाची काळजी गल्लीतल्या कोणी केली नव्हती. क्लच दाबून दाबून गुडघे गेलेत, नऊ-दहा तास एका जागी बसवत नाही आणि आता प्रवासाची हौसही उरलेली नाही. मला आहे. "तू जाऊन ये," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि खरं सांगू, त्यांना साधा चहा करता येत नसता तरी मी आले असते.

दुसरं बोलणं ऐकलं ते तरुण मुलांकडून. ग्रुप टूर म्हणजे मेंढरांसारखं हाकणं, मावशी, त्यापेक्षा स्वतः प्लॅन करून फिर. त्यांचं काही चुकतं असं नाही. पॅरिसला दोनच दिवस मिळणार, कुठे किती थांबायचं ते दुसरा ठरवणार, एखादी गोष्ट नुसती बाहेरून बघून पुढे जावं लागणार. मान्य आहे. पण हे म्हणणाऱ्यांनी घरच्या सहलीचा भार कधी उचललेला नसतो. आमची गणपतीपुळ्याची सहल मला लख्ख आठवते. आदल्या रात्री दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचे जादा कपडे, थर्मास. प्रत्येक स्टँडवर मी आधी पोरं मोजायची, मग बॅगा, मग परत पोरं. समुद्रावर पोचल्यावर सगळे पाण्यात गेले आणि मी वाळूवर चपला नि पाकिटं सांभाळत बसले. महाबळेश्वरला तेच, काशीला तेच. आयुष्यभर मी मोजणारी होते. आज संध्याकाळी विमानतळाच्या दारात माझ्या मुलाच्या वयाच्या टूर लीडरने माणसं मोजली आणि त्या मोजणीत मीही एक होते. माझा नंबर 23. मला त्या क्षणी भरून आलं. ज्यांना हे मेंढरू होणं वाटतं त्यांना वाटो.

पैसे माझे आहेत. मी पोस्टात काउंटरला होते. रिटायर व्हायच्या आधी पाच वर्षांची आरडी काढली, महिना 5,000 रुपये. व्याजासकट साडेतीन लाखांच्या आसपास हातात आले आणि तेव्हापासून ती रक्कम मी कुठल्याही लग्नाला, बारशाला, घराच्या रंगाला हात लावू दिली नाही. पासपोर्ट 61व्या वर्षी निघाला. जुन्या कागदांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, ते जुळवण्यातच महिने गेले. मैत्रिणींनो, जायचं ठरो न ठरो, नावाचे कागद आजच सरळ करून ठेवा. व्हिसासाठी पुण्यात दहाही बोटांचे ठसे घेतले. माझे पहिल्या दोन खेपांना उमटलेच नाहीत. भांडी घासून आणि नोटा मोजून बोटं गुळगुळीत झालीत. तिसऱ्यांदा उमटले. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा चालतो त्याला, निदान 30,000 युरोचा आरोग्यविमा लागतो, तो नीट वाचून घ्या. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेतात, तो रिटर्न भरताना कराच्या हिशेबात धरला जातो, म्हणून रिटर्न चुकवू नका. पेढे-बर्फी घेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून नेलेले युरोपात चालत नाहीत. सुक्या खोबऱ्याची वाटी तर विमानातच चालत नाही, तेलामुळे ती पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मला कळकळीने बोलायचंय. सहलीआधीच्या मीटिंगमध्ये टूर लीडरने सांगितलं की युरोपात बसचा ड्रायव्हर दिवसाला 9 तासच गाडी चालवू शकतो, आठवड्यातून दोनदा फार तर 10. साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची. टॅकोग्राफ नावाचं यंत्र सगळं नोंदवून ठेवतं. रात्रीच्या विश्रांतीचेही तास ठरलेले. म्हणजे एखादा माणूस दुकानात रेंगाळून अर्धा तास उशिरा आला, तर तो अर्धा तास सगळ्यांच्या दिवसातून जातो. मीटिंगमध्ये दोघं-तिघं कुरकुरले. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे बराच वेळ गप्प बसले. डबल ड्युटी करून पहाटे घाटात डोळ्यांवर पाणी मारत गाडी आणलेला माणूस. मग म्हणाले, "चांगला नियम आहे. तू पाच मिनिटं आधी जाऊन बसत जा." मी रोज बसणार आहे.

आणि स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला जायचंय. 3,454 मीटर उंची, डोंगराच्या पोटातून वर जाणारी रेल्वे, 1912 पासून चालू असलेली. बर्फ मी अजून हातात घेतलेला नाही. तिथे वर टपालपेटी आहे, आमच्या जुन्या पोस्टमास्तरांनी मला सांगून ठेवलंय. ह्यांच्या नावचं कार्ड तिथून टाकणार. पत्ता आत्ताच लिहून पर्समध्ये ठेवलाय.

विमानात पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे चढवलेत, गोळ्या हातातल्या बॅगेत आहेत. टूर लीडर परत मोजायला लागलाय, आमच्या रांगेपर्यंत आलाय. ठेवते.