सरकारी अनुदान म्हणजे खिरापत नव्हे

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'सगळ्या सेवाभावी संस्था सरकारी पैशावर पोसल्या जातात, हिशेब देत नाहीत आणि त्याच पैशातून सरकारविरुद्ध मोर्चे काढतात.' चांगली शिकलेली माणसं तो न तपासता पुढे पाठवतात, म्हणून हे लिहितोय.

'सगळ्या' हा शब्दच चूक. कित्येक संस्था देणग्यांवर चालतात, काहींना कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा निधी मिळतो. तो 2013 च्या कंपनी कायद्यानुसार नफ्यातून द्यावा लागतो, सरकारी तिजोरीतून नाही.

मोर्चांचं म्हणाल, तर अनुदान नोंदणीकृत संस्थेला आणि मंजूर कामापुरतंच मिळतं. बहुतेक आंदोलनांची नोंदणीच नसते. ती वर्गणीवर आणि घरून बांधून आणलेल्या भाकरीवर चालतात.

आता हिशेब. मध्य प्रदेशच्या 1973 च्या सोसायटी (संस्था नोंदणी) कायद्यानुसार दरवर्षी कलम 27 खाली कार्यकारिणीची यादी आणि कलम 28 खाली तपासलेले हिशेब द्यावे लागतात. अनुदान घेतलं की वर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला. विशेष मुलांच्या शाळेचं उदाहरण घ्या: शिक्षिकेच्या मानधनाची पावती, हजेरीपट, सीएची सही, सगळं जुळावं लागतं. मानधनासाठी आलेला पैसा गाडीच्या डिझेलला वळवता येत नाही. कागद अडला की हप्ता अडतो, मार्च उलटतो आणि त्या बाई बिनपगारी शिकवत राहतात. याला पोसणं म्हणायचं?

'जेमतेम दहा टक्के संस्थाच हिशेब देतात' हा आकडाही सोबत येतो. सीबीआयने सर्वोच्च न्यायालयात तो खरंच दिला होता. पण तो सुमारे तीस लाख नोंदणीकृत संस्थांपैकी आहे. त्यात अनुदानाचा छदामही न घेतलेली मंडळं आणि क्लबसुद्धा आले. कागदोपत्री संस्था काढून पैसे लाटणारे आहेतच, आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल व्हायलाच हवेत. त्यासाठी नाव घेऊन बोलावं लागतं. सरसकट चिखलफेकीत चोर सुटतो आणि प्रामाणिक माणूस भरडला जातो.

2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की सरकारकडून भरीव निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकारात येतात. संशय असेल तर अनुदान देणाऱ्या खात्याकडे दहा रुपये भरून अर्ज करा. संस्थेचं नाव, योजना आणि वर्ष लिहून उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत मागा. ती हाती आली की खुशाल ग्रुपवर टाका.