‘नजर असली की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

‘इंटिरियर शिकायची गरज नाही, नजर लागते. आवडलेले फोटो जमवा, खोली छोटी असेल तर पांढरा रंग मारा, सामान भिंतीला लावा, झालं.’ हा सल्ला इतका फिरतोय की नवीन शिकणारे सुरुवातच तिथून करतात आणि मला मनापासून वाईट वाटतं.

आधी फोटोंचं बघू. फोटोत रंग दिसतो, अंतर कळत नाही. येण्याजाण्याच्या मुख्य वाटेला साधारण ९० सेंमी लागतात, सोफा आणि टीपॉयमध्ये ४०-४५, जेवायच्या टेबलामागे खुर्ची सरकवून उठायला ७५ ते ९०, आणि तिच्यामागून कुणी जाणार असेल तर अजून जास्त. हे नजरेने नाही कळत, टेप लावावी लागते. सोफा घ्यायच्या आधी त्याच्या मापाचा चौकोन जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून चाला, लगेच समजेल.

पांढऱ्या रंगाबद्दल तर बोलायलाच हवं. रंग उजेड तयार करत नाही, आलेला उजेड फक्त परत फेकतो, त्यामुळे जिथे उजेडच कमी येतो तिथे पांढरी भिंत मळकट करडी दिसते. शिवाय २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या रंगछटेचं माप) बल्बखाली तीच भिंत पिवळसर आणि ६५०० खाली निळसर, म्हणून नमुना मोठ्या पुठ्ठ्यावर लावून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघायचा. आणि छताला मधोमध एकच दिवा असेल तर ओट्यावर भाजी चिरताना तुमचीच सावली हातावर पडते, तिथे कामाचा दिवा वेगळाच लागतो.

सामान भिंतीला? अरुंद खोलीत ठीक आहे. मोठ्या हॉलमध्ये समोरासमोर बसलेल्यांना आवाज चढवून बोलावं लागतं.

आणि ‘छोट्या घराला कसलं डिझाइन’ म्हणणाऱ्यांनी जर्मनीतलं १९२६ चं फ्रँकफर्ट किचन बघाच. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरच्या जागेत, काम करताना किती पावलं पडतात याचा विचार करून ओटा, सिंक, डबे सगळं बसवलं, आणि अशी साधारण १० हजार किचन्स बांधली गेली. जागा कमी होती म्हणून तर एवढा विचार करावा लागला!

शिकायचंय ना, मग स्वतःचीच एक खोली कागदावर १:५० च्या प्रमाणात काढा, म्हणजे १ मीटरला २ सेंमी. दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकी जमिनीपासून किती उंच, स्विचबोर्ड कुठे, सगळं त्यात आलं पाहिजे, नाहीतर ६० सेंमी खोल कपाट बनून येतं आणि बरोबर स्विचबोर्डवर बसतं.