बैलाले लायसन लागत नाही

हेल्मेट माझ्याजवळ होतं. नव्हतं असं कोणी म्हणू नये. फक्त ते हँडलला टांगलेलं होतं आणि त्यात दीड किलो वांगी होती.

आमच्या तालुक्याच्या गावाला चौक एकच. तिथल्या सिग्नलच्या लाल दिव्यात चिमण्यांनी संसार थाटलाय, त्यामुळे लाल लागणं बंद आहे. म्हणून बाजाराच्या दिवशी एक साहेब शिट्टी घेऊन उभे असतात. त्या मंगळवारी त्यांनी शिट्टी फुंकली. माझ्यापुढून एका फटफटीवर तिघं गेले, चौथं पोट्टं टाकीवर. काळी-पिवळी गेली, तिच्या मागच्या दांड्याला लटकलेल्यांनी साहेबांना रामराम घातला. कापसाची बैलबंडी तर उजवीकडून, म्हणजे समोरूनच आली. आख्ख्या चौकात ब्रेक मारला तो एकट्या मी.

"गाडी बाजूले घ्या, मास्तर."

"साहेब, ते चौघं गेले ना आत्ता?"

"ते थांबले काय? तुम्ही थांबले."

यावर काय बोलणार? तरी मी बंडीकडे बोट दाखवलं. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात सातचा पाढा चुकणाऱ्याकडे पाहतो. "बैलाले लायसन राहते काय?" म्हणाले, आणि मशीनमधून माझ्या चलानची पावती काढली. वांग्याची भाजी त्या दिवशी फार महागात पडली, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

मास्तर माणूस, त्यातून अपमान झालेला. रात्री मोटार वाहन कायदा घेऊन बसलो. 1988 चा. कलम 129 म्हणतं, दुचाकीवर चार वर्षांवरच्या प्रत्येकानं हेल्मेट घालावं. सूट कोणाला, तर पगडी घातलेल्या शीख माणसाला. मास्तरांचा उल्लेख नाही. हेल्मेट पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं हवं, हेही तिथंच लिहिलंय. वांग्यांचा मार्ग तिथंच खुंटला. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला 1000 रुपये दंड आणि वरून तीन महिने लायसन बाद, असं वाचलं आणि दिवा मालवला.

झोप येईना, पुन्हा लावला. कलम 119 : रस्त्यावरच्या खुणा आणि पोलिसांचे इशारे मोटार वाहन चालवणाऱ्यानं पाळायचे. मोटार वाहन म्हणजे यंत्राच्या जोरावर चालणारं. म्हणजे बंडी सुटली! साहेब खरे ठरताहेत या विचारानं मला घाम फुटला. पण 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम 68 सापडलं आणि जीव भांड्यात पडला. पोलीस आपलं कर्तव्य बजावताना जे वाजवी आदेश देतील, ते सर्व व्यक्तींनी पाळायचे. सर्व व्यक्ती! म्हणजे बंडी हाकणारा धुरकरी आला, पायी चालणारा आला, वरातीतला नवरदेव आला, लटकून रामराम घालणारेही आले.

सकाळीच बंडीवाल्या बुवांना गाठलं. ते आमच्याच गल्लीतले. गोठ्यात ढेप भिजवत होते. कलम 68 मी त्यांना फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं.

बुवांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्या त थांबलोच असतो, मास्तर," ते म्हणाले. "पण मोऱ्याले अन् बांड्याले एकदा कापसाच्या जिनिंगची वाट दिसली का ते माह्यं आयकत नाही. साहेबाचं कुठून आयकतीन? तुमच्या कायद्यात बैल व्यक्ती हाये काय?"

मी म्हटलं, पाहून सांगतो.

पुढच्या मंगळवारी मी हेल्मेट डोक्याला घट्ट आवळलं. भाजी पिशवीत, पिशवी मागे बांधलेली. चौकात साहेबांनी हात वर केला. मी थांबलो. इतका नेमका, की पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या बोटभर अलीकडे. पट्टा पुसट झालाय, पण कुठं होता ते मला पाठ आहे. हेल्मेटमुळे ऐकू कमी येत होतं, तेवढ्यात मागून गरम श्वास लागला. वळून पाहिलं तर मोऱ्याच्या तोंडात माझी मेथीची जुडी, आणि वर बसलेले बुवा आभाळाकडे पाहताहेत.

शिट्टी वाजली. आज न्याय होणार, म्हणून मी ताठ बसलो.

"ओ मास्तर," साहेब ओरडले, "चाला ना पुढं! तुमच्यापायी बंडी अडली."